स्टेटसवर मावला तेवढा भाग

अब्बा, तुमचा एकही व्हिडिओ नाही. मी शोधला आहे, आणि शोधणं हेच माझं काम असल्यामुळे नीट शोधला आहे. मामूच्या जुन्या फोनचं मेमरी कार्ड, खालाच्या लग्नाची सीडी, तुमच्यासोबत नोकरी केलेल्या दोघातिघांचे मोबाइल, सगळं पाहून झालं. फोटो आहेत. ओळखपत्रावरचा एक, त्यात तुम्ही रागावल्यासारखे दिसता. सव्वीस जानेवारीच्या संचलनातला एक, त्यात टोपीच्या सावलीत अर्धा चेहरा गेला आहे. आवाज मात्र कुठेच नाही. तुम्ही सिरोंच्याच्या पोस्टिंगवरून ताप घेऊन आलात आणि त्यातच गेलात, तेव्हा कॅमेऱ्याचे मोबाइल आपल्या गल्लीत आले होते, पण ते लग्नाकार्यात बाहेर निघायचे. घरी बूट काढत बसलेल्या माणसाचा व्हिडिओ काढावा असं तेव्हा कोणाला वाटत नसे. मलाही वाटलं नाही. मी अकरावीत होते.

घरात आपण हिंदीतच बोलायचो. पण तुम्ही मला मराठी शाळेत घातलं आणि स्वतःचे रिपोर्ट तुम्ही मराठीतच लिहायचात, स्वयंपाकघरात अम्मीच्या चुलीशेजारी पाट टाकून, एकेक वाक्य पुटपुटत. म्हणून लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचते. मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन इंजिनिअर झाले. आता पोलिसांच्याच सोशल मीडिया सेलमध्ये कंत्राटावर आहे. वर्दी नाही, गळ्यात एक कार्ड आहे. आमच्या खोलीत दोन मॉनिटर आहेत आणि एक एसी, जो संगणकांसाठी आहे, आमच्यासाठी नाही, असं आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं गेलं. पोलिसांबद्दल लोक काय बोलतात ते पाहायचं, खोटं असेल ते शोधायचं, आणि लोकांनी चांगलं बोलावं म्हणून पेजवर रील टाकायचे. तुमच्या वेळी लोक पोलिसांबद्दल पानठेल्यावर बोलायचे आणि तुम्ही आलात की गप्प व्हायचे. आता कोणी गप्प होत नाही, आणि ते बोललेलं मोजणं हे माझं काम आहे.

तुम्ही मला दिलेला स्क्रू-ड्रायव्हरचा संच अजून माझ्या टेबलच्या खणात आहे. मी तुमचा रेडिओ खोलला होता म्हणून दिला होतात. मारलं नाहीत. संच पुढ्यात ठेवून म्हणालात, "खोला है तो जोड के दिखा." मी जोडला. रेडिओ लागला, बातम्या लागल्या, अम्मी स्वयंपाकघरातून कौतुकानं पाहायला आली. तुम्ही माझी मूठ उघडायला लावलीत, आणि तिच्यात एक स्क्रू होता. "बज तो रहा है," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "बजता है मतलब ठीक जुड़ा, ऐसा नहीं होता." त्यानंतर मी काहीही जोडलं की तुम्ही जवळ येऊन एकच विचारायचात, काही उरलं का.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण एक व्हिडिओ आहे. एप्रिल, मोहफुलांचे दिवस. वैनगंगेच्या अलीकडच्या, धानाच्या पट्ट्यातल्या एका गावात एक बाई पहाटे फुलं वेचायला गेली आणि वाघानं तिला मारलं. हे तुम्हाला नवीन नाही. सावली तालुक्यातल्या तुमच्या बीटमध्ये तुम्ही अशा किती पंचनाम्यांना उभे राहिलात ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी तुम्ही जेवत नसायचात, त्यावरून आम्हाला कळायचं. सकाळी गावातल्यांना ती सापडली. ठाण्यातून माणसं गेली, जंगल खात्याचे गार्ड गेले, आणि अर्थातच अख्खं गाव गेलं, हातात मोबाइल घेऊन. दुपारी आमच्या मॉनिटरवर एक तुकडा आला. एक शिपाई पळत येतो आणि एका म्हातारीला दोन्ही हातांनी ढकलतो. ती वाळल्या पाचोळ्यात पडते. तो तिच्याकडे पाहून म्हणतो, "मरायचं हाये काय तुले, बुडे? मर मंग." आणि पाठ फिरवतो. तिथे तुकडा संपतो. म्हातारी मेलेल्या बाईची सासू होती.

संध्याकाळपर्यंत तो तुकडा प्रत्येक ग्रुपवर होता. मूळ टाकणाऱ्यानं त्यावर 'आमच्या गावात आज' एवढंच लिहिलं होतं. पुढे पाठवणाऱ्यांनी एकेक वाक्य वाढवत नेलं. 'पोलिसांची मर्दानगी.' मग 'वाघानं सून मारली, पोलिसानं सासू.' मग कोणी त्यावर रडकं गाणं लावलं. पण मला वेगळीच गोष्ट खटकली. प्रतिक्रियांमध्ये लोक फ्रेम थांबवून, मोठी करून, शिपायाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचायचा प्रयत्न करत होते. पट्टी धूसर होती. ज्यांना जे आडनाव हवं होतं ते त्यांना तिच्यात दिसत होतं, आणि तो कोणत्या जातीचा आहे, कोणत्या धर्माचा आहे, म्हणून त्यानं असं केलं, हे प्रत्येकजण आपापल्या वाचनाप्रमाणे ठरवत होता. मला पट्टी वाचता आली, कारण माझ्याकडे त्यासाठी सॉफ्टवेअर आहे. ते सगळे चुकले होते. पण मी तुमची पट्टी डोळ्यांसमोर आणली, काळ्या प्लास्टिकची, पांढऱ्या अक्षरांची, जी अम्मी साबणाच्या पाण्यानं पुसायची. तुम्ही त्या जागी असता, तर त्या लोकांना काही धूसर वाचावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शिपायाला निलंबित केलं. त्याची मुलगी शाळेत जाईना.

मी मूळ फाइल मागवली. फॉरवर्ड झालेल्या फाइलीवरून काही सांगता येत नाही, तिचा दर्जा उतरलेला असतो आणि पुढचंमागचं गेलेलं असतं. व्हिडिओ काढणारा गावातला किराणा दुकानदार निघाला. साधा माणूस, घाबरलेला. ऑफिसात आला तो पोराबाळांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स घेऊनच, कोणी मागितल्या नसताना. त्यानं कापला का, असं मी विचारलं.

"कापला नाई मॅडम," तो म्हणाला. "स्टेटसले पूरा नाई जात होता. मोठा होता ना. म्हनून मधला घेतला."

"मधलाच का?"

"मंग कोनता घेऊ? सुरवातीले तं नुसते झाडं हायेत." मग ओशाळून, "आनि शेवटी मीच हावो. मोबाइल उलटा झाला होता."

मी पूर्ण व्हिडिओ पाहिला. तो खरं सांगत होता. सुरुवातीला नुसती झाडं आहेत, लोकांची पाठ, कोणाच्या तरी लेकराचं रडणं. मोहाचं झाड दूर, डाव्या बाजूला, आणि त्याच्या बुडाशी एक हिरवा ठिपका, ज्याच्याकडे कॅमेरा पुन्हा पुन्हा जातो आणि परत येतो. मग उजवीकडच्या झुडपात काहीतरी हलतं. प्राणी दिसत नाही. पण मी झुडपातला आवाज वेगळा काढून ऐकला, आणि तो ऐकून मी हेडफोन काढून ठेवला. गार्ड ओरडतो, "मागं व्हा, मागं." सगळे मागे येतात. म्हातारी येत नाही. तिच्या हातात घडी केलेलं एक लुगडं आहे आणि ती सरळ त्या झाडाकडे चालली आहे, कोणी हाक मारलीच नाही अशी. मग शिपाई पळतो. त्यापुढचं सगळ्यांनी पाहिलेलं.

सेलच्या प्रमुख असलेल्या पीआय मॅडमना मी ते दाखवलं. त्या वाईट बाई नाहीत, हे आधी सांगते. त्या शिपायाच्या घरी त्या स्वतः जाऊन आल्या होत्या. दोनदा पाहून त्या म्हणाल्या, "झुडूप हलतं तिथून सुरू कर. ढकललं की थांबव."

"पडते ते?"

"पडायच्या आत."

"मॅडम, त्याचं बोलणं त्यानंतर आहे."

"म्हणूनच."

मी म्हटलं, दुकानदारानंही एवढंच केलं होतं, आपल्याला चालेल तेवढं घेतलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पूर्ण फाइल चौकशीला जाईल, तूच पाठव. पण पेज म्हणजे कोर्ट नाही ना गं. लोक किती वेळ थांबून पाहतात त्याचा आलेख दर सोमवारी तूच मला दाखवतेस." हे खरं होतं. तो आलेख मी करते. तो पहिल्या काही क्षणांतच उतारावर लागतो, घाट उतरणाऱ्या एसटीसारखा.

मी रील केला. झुडपाभोवती लाल गोल काढला, गार्डच्या हाकेचा आवाज वाढवला, म्हातारीचा पाय झाडाकडे पडतो तिथे गती कमी केली, शिपायाचे हात तिच्या खांद्यांना लागले की फ्रेम गोठवली. त्यात खोटं काही नव्हतं. प्रत्येक फ्रेम खरी होती. खाली लिहिलं, 'पूर्ण सत्य पाहा.' हे शब्द माझे नव्हते, पण टाइप मी केले.

तो चालला. आमच्या पेजवरचं आजवरचं काहीच इतकं चाललं नव्हतं. ज्यांनी कालपर्यंत त्या शिपायाचं आडनाव शोधलं होतं तेच आता त्याला सलाम ठोकत होते. निलंबन मागे घेतलं गेलं. आणि मग, धानाच्या एका बांधीतून पाणी दुसऱ्या बांधीत उतरावं तसा तो सगळा राग सरकला आणि म्हातारीच्या अंगावर गेला. 'बुडी मुद्दाम गेली.' 'भरपाईसाठी नाटक.' 'असल्यांसाठी पोलिसांनी जीव द्यायचा का?' तिचा पाचोळ्यात पडलेला चेहरा जुन्या तुकड्यातून काढून कोणी त्यावर विनोद लिहिले. मी ते उडवत बसले. एक उडवला की त्याच्या प्रती वर येत. या सगळ्याचा निषेध करणारी एकही पोस्ट आमच्या पेजवरून गेली नाही, कारण आकडे चांगले होते.

तो शिपाई एक दिवस सेलमध्ये आला. साध्या कपड्यांत, हातात फळांची पिशवी. दाराशीच उभा राहिला. "मॅडम, तुमी जमादारसाहेबांच्या ना?" त्यानं तुमचं नाव घेतलं. भरती झाल्यावर पहिली दोन वर्षं तो तुमच्या हाताखाली होता म्हणे. मी खुर्ची दिली. तो काठावर बसला.

"साहेबांनीच शिकवलं होतं मले," तो म्हणाला. "वाघाचं असन तं आधी बुडीले धर. घरातली सगळ्यात मोठी बाई. मानसं ऐकतेत, पोरं ऐकतेत, पन थे चालली का सगळे तिच्या मागं चालतेत. तिले थांबवलं का गाव थांबते. मी थेच केलं मॅडम. बाकी काय केलं मी?"

मला ते माहीत होतं. मी चौथीत असताना अम्मी मय्यतीला बल्लारपूरला गेली होती आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून तुम्ही मला जीपमध्ये सोबत नेलं होतं. तो दिवस मी इतक्यांदा सांगितला आहे की तो माझ्या डोळ्यांसमोर आपोआप चालू होतो. सागाचं रान आहे. लोक अर्धगोल करून उभे आहेत. एक म्हातारी पुढे निघते आणि तुम्ही तिला दोन्ही खांद्यांना धरता. ती तुमच्या छातीवर बुक्क्या मारते. तुम्ही मारू देता. मग उन्हासाठी डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा तुम्ही सोडता, तिच्या हातात देता आणि म्हणता, "बाई, तुमच्या हातानं टाका. मी संग येतो." आणि तुम्ही दोघं चालत जाता, तुम्ही झुडपांच्या बाजूनं, ती आतल्या बाजूनं, आणि ती तिच्या माणसावर दुपट्टा पांघरते. मग पंचनाम्याचे कागद निघतात. या नोकरीच्या मुलाखतीत पीआय मॅडमनी विचारलं होतं, पोलिसांसाठी काम का करायचंय? तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

म्हणून मी शिपायाला म्हटलं, "धरायचं, हे अर्धं झालं. पुढचं?"

त्याला कळलं. त्यानं फळांची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "थे त्यायलेच जमे मॅडम," तो म्हणाला. "तवा मोबाइल नोयते. मी तिले उचलाले वाकलो असतो ना, तरी म्हनले असते, पाहा, आता नाटक करून राह्यला. चार-पाच जन माह्या तोंडासमोर धरून होते. वाघाचं भेव वेगळं, आनि थे वेगळं. मी पाठ फिरवली. दुसरं काय करू, सांगा."

"आणि ते बोललात ते?"

"थे भेवानं निंगालं." मग खाली बघत, "तुमी थे काढून टाकलं, तुमचे लय उपकार हायेत."

मी फळं घेतली नाहीत. ती तो टेबलावर ठेवून गेला. त्यानं सांगितलेलं खरं असेल. नंतर सुचलेलंही असेल. त्याची पाठ व्हिडिओत आहे, पण पाठीवरून काही वाचता येत नाही.

मग पुढचा रील ठरला. शिपाई म्हातारीच्या घरी जाईल, तिला साडी देईल, पाया पडेल, ती डोक्यावर हात ठेवेल. मॅडमना मनापासून वाटत होतं की त्यानं तिच्यावरचा राग निवळेल. कदाचित निवळलाही असता. जागा पाहायला, प्रकाश कुठून येतो ते बघायला मी एक दिवस आधी गेले. गावाच्या कडेला कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण, त्यात मोहफुलं वाळत घातलेली. म्हणजे कोणीतरी पुन्हा वेचायला गेलं होतं. म्हातारी बाजेवर बसली होती, तिची एक जाऊ खाली फुलं पसरवत होती. मी मोबाइल काढलाही नव्हता, तरी जाऊ म्हणाली, "झालं, आली एक आनखी. बाई, आता काऊन आली तू? पडाची राह्यली कोनी?"

मी सांगितलं, मी पोलिसांच्या ऑफिसातून आले आहे, उद्या साहेब लोक येतील.

"साडी घेऊन," जाऊ म्हणाली. "सरपंचानं सांगतलं. कोनत्या रंगाची आनता म्हना, मोबाइलात चांगली दिसाले पायजे." आणि फुलं पसरवत राहिली.

म्हातारीला लोक काय लिहितात ते माहीत होतं का, हे मला विचारता आलं नाही. तिचा नातू दोन दिवसांपासून शेतातच झोपतो, एवढं जावेनं सांगितलं. म्हातारीनं मला जवळ बोलावलं. "पोरी, तुह्याजवळ थो पूरा हाये म्हंते दुकानवाला. खरं काय?" मी हो म्हटलं. "दाखव मले." मी म्हटलं, आजी, कशाला. ती म्हणाली, "दाखव."

लॅपटॉप बाजेवर ठेवून मी तिला पूर्ण व्हिडिओ दाखवला. तिनं स्वतःला चालताना पाहिलं नाही, पडताना पाहिलं नाही, शिपायाकडे तर पाहिलंच नाही. तिचं बोट पडद्याच्या डाव्या काठावर होतं, हिरव्या ठिपक्यावर. कॅमेरा हलला की तिचं बोट ठिपक्यामागे जायचं, आणि ठिपका फ्रेमबाहेर गेला की ती बोट काठावरच धरून वाट पाहायची. "थे हिरवं दिसते ना, थे तिचं लुगडं," ती म्हणाली. "पार फाटलं होतं. उघडी होती माही सून. इतके मानसं होते तिथी. मी दुसरं घेऊन चालली होती, अंगावर टाकाले." मग शिपाई आला, ती पडली, कॅमेरा उलटा झाला, दुकानदाराचा चेहरा, आभाळ, संपलं. ती पडद्याकडे पाहत राहिली.

"मंग टाकलं काय कोनी?" तिनं विचारलं. "मले तं उचलून घरी आनलं. कोनी सांगत नाई नीट. टाकलं काय तिच्यावर काई, गाडी येवोपर्यंत?"

मी पुन्हा मागे नेऊन पाहिलं. शेवटच्या हललेल्या भागात ठिपका एकदा दिसतो, अगदी पुसट. हिरवाच आहे की वर काही पांढरं टाकलेलं आहे, ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "व्हिडिओत दिसत नाही, आजी."

"दिसत नाई म्हंजे टाकलं नाई, का टाकलं पन दिसलं नाई?"

अब्बा, मी इंजिनिअर आहे. हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारते. मी म्हटलं, मला माहीत नाही. तिनं मान हलवली, जशी एखाद्या ऑफिसात साहेब आज आले नाहीत म्हटल्यावर हलवतात, आणि माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

बाहेर येऊन मी शिपायाला फोन लावला. म्हटलं, मला एकच गोष्ट हवी आहे. गाडी येईपर्यंत त्या बाईवर कोणी काही पांघरलं होतं का? तुम्ही, गार्डनं, कोणीही?  हळू आवाजात, मदत करायच्या सुरात तो म्हणाला, "मॅडम, टाकलं म्हनून लिहून देऊ काय?"

मी फोन ठेवला. तो खोटारडा माणूस आहे असं मी म्हणणार नाही. त्याला आमच्याकडूनच कळलं होतं की गोष्ट काय घडली हे कोणी विचारत नाही, काय हवं आहे ते विचारतात. ऑफिसात जाऊन मी मॅडमना सांगितलं की त्या अंगणात प्रकाश बरोबर नाही, दिवसभर समोरून ऊन येतं, चेहरे काळे येतील. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि रील रद्द केला. साडी सरपंचाच्या हाती पाठवली. प्रकाश चांगला होता. अंगण पूर्वेला आहे.

म्हातारीला मात्र काहीच मिळालं नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि तिच्यावर लिहिलेलं अजून फिरतं आहे. पूर्ण व्हिडिओ पेजवर टाकावा असं मी लेखी मागितलं. 'चौकशी प्रलंबित' असं उत्तर आलं. आणि टाकला तरी, तो हिरवा ठिपका लोक मोठा करून पाहतील, हेही मला माहीत आहे. तिची सून पुन्हा उघडी पडेल. म्हणून मी दुसऱ्यांदा मागितलं नाही. हे बरोबर केलं की नाही, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं.

त्यानंतर मी तुमचा तो दिवस पुन्हा डोळ्यांसमोर लावून पाहिला. आता मला सवय झाली आहे, फ्रेम थांबवून पाहायची. सागाचं रान. अर्धगोल उभे लोक. म्हातारी निघते, तुम्ही तिला खांद्यांना धरता, ती बुक्क्या मारते. इथपर्यंत सगळं स्वच्छ आहे. मग तुम्ही मान वळवून जीपकडे पाहता, माझ्याकडे, आणि हातानं खूण करता, खाली बघ. मी खाली बघते. जीपच्या पत्र्याला गंजून भोक पडलेलं आहे आणि त्यातून खालची माती दिसते, मातीत लाल मुंग्यांची रांग. मी ती बघत राहते. पुढचं जे मला दिसतं ते तुम्ही परत जीपकडे येताना, उघड्या डोक्यानं. घरी मोरीपाशी हात धुताना तुम्ही विचारलंत, "देखा क्या?" मी म्हटलं, नहीं. तुम्ही म्हणालात, "अच्छा किया." दुसऱ्या दिवशी अम्मी बल्लारपूरहून आली, दोरीवरचे कपडे मोजताना म्हणाली, "ये भी दे आए? कितने दुपट्टे लगते हैं आपको?" तुम्ही नुसते हसलात. "बाई, तुमच्या हातानं टाका" हे वाक्य मी कधी ऐकलं, कोणाकडून ऐकलं, ते मला आठवत नाही. जीप लांब उभी होती. तिथून आवाज येणं शक्य नव्हतं.

तुम्ही तसंच केलं असेल. मला तसंच वाटतं. पण त्या शिपायाला पुढचं अर्धं कोणी शिकवलं नव्हतं, आणि तो दोन वर्षं तुमच्या हाताखाली होता.

हे पत्र पाठवायला जागा नाही, आणि असती तरी मी पाठवलं नसतं. मी सगळ्यांना सांगत आले की मी पाहिलं आहे. मुलाखतीत सांगितलं, त्यावर ही नोकरी मिळाली. मी फक्त तुमचं उघडं डोकं पाहिलं होतं, बाकीचं मी जोडलं. वाजत होतं, म्हणून कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं, काही उरलं का. मी मान खाली घातली होती, अब्बा. एवढं उरलं होतं.